कोट ओळखा: आमच्या स्टार ट्रेक पत्त्यांच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

आजपासून कामाची वही चालू. काय करायचंय ते आधीच लिहून ठेवते, नंतर वाद नकोत. स्टार ट्रेक म्हणजे अंतराळजहाजांवरच्या माणसांची अमेरिकन टीव्ही मालिका, तिच्यातले संवाद खेळायच्या पत्त्यांवर छापायचे, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ओळखायचं, आणि सप्टेंबरात सगळ्यांना बेळगावात बोलवून दिवसभर खेळायचं. सप्टेंबर अशासाठी की ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत एनबीसीवर पहिला भाग लागला होता आणि ट्रेकी लोक (म्हणजे मालिकेचे चाहते) तो दिवस मानतात. खेळ तसा आमचा जुनाच आहे, चार जण चहाला बसलो की कुणीतरी एक वाक्य टाकतं आणि बाकीचे त्याच्या मागं लागतात, पण त्यात जो मोठ्यानं बोलतो तोच जिंकतो आणि खानापूरची ताई, जिला सगळ्यात जास्त येतंय, ती गप्प बसून राहते. पत्ते असले की प्रत्येकाची पाळी येईल.

माणसं अशी: वडगावचे काका (बँकेतून रिटायर), निपाणीचा दादा, खानापूरची ताई (हायस्कूलला शिकवते), चिकोडीचा एक दोस्त जो घरात कन्नड बोलतो आणि आमच्यात मराठी, माझी कॉलेजातली भाची, आणि मी. वही माझ्याकडं.

१७ जून, मंगळवार

किती मालिका घ्यायच्या यावर फोनवर लई वेळ गेला. शेवटी ठरलं की पाचच: मूळ मालिका (१९६६ ते ६९, ७९ भाग), नेक्स्ट जनरेशन (१९८७ ते ९४, १७८ भाग), डीप स्पेस नाईन, व्हॉयेजर आणि एंटरप्राइझ. एवढ्यातच सातशेच्या वर भाग होतात. सिनेमे बाहेर. भाची म्हणतेय नव्या मालिका पण हव्यात, तिचं बरोबर आहे, त्यावर नंतर बसू.

२२ जून, रविवार

पहिली यादी आली. प्रत्येकानं आठवतील तसे संवाद लिहून आणायचे होते आणि सगळ्यांच्या कागदावर पहिलं वाक्य एकच होतं, ‘बीम मी अप, स्कॉटी’, म्हणजे मला वर जहाजावर घे. आता हे वाक्य मूळ ७९ भागांत कुठंच तसंच्या तसं नाही. त्याच्या जवळपासचं बरंच काही आहे, जहाजाचा कॅप्टन कर्क ट्रान्सपोर्टरवाल्याला (माणसांना क्षणात इकडून तिकडं नेणारं यंत्र चालवणाऱ्याला) वर घ्यायला सांगतो ते बऱ्याच वेळा येतं, पण नेमके हे शब्द ह्या क्रमानं येत नाहीत. चौथ्या सिनेमात १९८६ साली ‘स्कॉटी, बीम मी अप’ आहे, तिथं पण क्रम उलटा. हे वाक्य लोकांनी मिळून तयार केलंय आणि आता ते मालिकेपेक्षा जास्त लोकांना ठाऊक आहे, मला त्यात काही वाईट वाटत नाही, पण आमच्या पत्त्यावर ते छापणार नाही.

त्यावरून नियम क्रमांक एक झाला: जो संवाद आपण स्वतः भाग लावून कानानं ऐकलेला नाही तो यादीत नाही. इंटरनेटवर कुठं लिहिलंय हे चालणार नाही. भागाचं नाव, मिनिट, आणि ऐकणाऱ्याचं नाव शेजारी लिहायचं. दादाकडं जुन्या डीव्हीडी आहेत, ताईकडं हार्ड डिस्क, काम वाटून घेतलं.

काका म्हणाले, एवढी कसोशी कशाला, खेळच आहे की. मला वाटतं खेळ आहे म्हणूनच पाहिजे. समोरच्यानं बरोबर ओळखलं आणि पत्ताच चुकीचा निघाला तर त्याला काय वाटेल.

२५ जून, बुधवार

दोन-तीन शब्दांत संपणारे संवाद काढून टाकले. ‘एंगेज’, ‘फॅसिनेटिंग’, ‘मेक इट सो’. लाडके आहेत सगळ्यांचे, पण त्यात ओळखायला काही उरत नाही. ‘आजचा दिवस मरायला चांगला आहे’ हे क्लिंगॉनांचं (मालिकेतली लढाऊ परग्रहवासी जमात) वाक्य पण गेलं, इतक्या जणांच्या तोंडी आहे की उत्तर एक राहत नाही.

२९ जून, रविवार

पहिली चाचणी, टिळकवाडीत माझ्याकडं. सकाळपासून पाऊस असा की ताईची खानापूरहून येणारी बस उशिरा आली, पण सगळे आले. साध्या कागदाच्या चिठ्ठ्या, मी वाचायचं. तीन प्रश्न: कोण म्हणालं, कुठल्या मालिकेत, कुठल्या भागात. प्रत्येकाला एक गुण.

तासाभरात लक्षात आलं की काहीतरी बरोबर होत नाहीये. दादाला भागांची नावं पाठ आहेत, सीझन क्रमांकासकट, तो धडाधड गुण घ्यायला लागला आणि बाकीचे नुसते बघायला लागले. त्याचं पाठांतर खरंच भारी आहे, त्याबद्दल प्रश्न नाही. पण खोलीत मजा येत नव्हती.

मग ही चिठ्ठी आली. ‘मी दोन्हीही करणार नाही. मी माझ्या कॅप्टनला मारलंय, माझ्या मित्राला.’ स्पॉक, कर्कच्या जहाजावरचा व्हल्कन जमातीचा अधिकारी, हे सगळ्यांनी एकदम ओरडून सांगितलं. दादानं भाग पण सांगितला, ‘अमोक टाइम’, सप्टेंबर १९६७, दुसऱ्या सीझनचा पहिला. गुण देऊन पुढं जायचं तेवढ्यात ताई म्हणाली, पण तो हे कुणाला म्हणतोय ते सांगा की. आणि मग अर्धा तास आम्ही पुढच्या चिठ्ठीवर गेलोच नाही.

कारण ते वाक्य उत्तर आहे. व्हल्कनांची म्हातारी टी’पाऊ त्याला आशीर्वाद देते, खूप जग आणि भरभराट होऊ दे, तेच ते ‘लिव्ह लाँग अँड प्रॉस्पर’ जे आता टी-शर्टवर असतं, आणि त्या दोन गोष्टींना तो म्हणतो मी दोन्हीही करणार नाही. ज्या भागातनं हा आशीर्वाद जगाला माहीत झाला त्याच भागात ज्याला तो दिला तो नाकारतोय. टी’पाऊ समोर धरली नाही तर ‘दोन्ही’ म्हणजे काय तेच कळत नाही. काका म्हणाले मी हा भाग किती वेळा बघितलाय पण हे ‘दोन्ही’ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

(ह्या आशीर्वादाबरोबर करतात ती हाताची खूण स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयनं स्वतः सुचवलेली, लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पुरोहितांना आशीर्वाद देताना बघितलेली. हे पत्त्याच्या मागं छापायचं.)

गुणांची नवी पद्धत लगेच ठरवली. कोण: १. कुठला भाग: १. कोणाला आणि काय घडल्यावर: ३.

३० जून

रात्री झोप नाही आली, हेच डोक्यात. संवाद हा बोलणाऱ्याचा जेवढा असतो तेवढाच ऐकणाऱ्याचा असतो, आणि आपण कोट म्हणून जेव्हा तो उचलतो तेव्हा ऐकणारा पहिल्यांदा गळून पडतो. पोस्टरवर बोलणाऱ्याचं नाव असतं, कुणाशी बोलला त्याचं कधीच नसतं. मालिका इतकी वर्षं चालली, इतक्या जणांनी लिहिली, तरी माणसं आपल्याला खरी वाटतात ती एकमेकांशी बोलताना. आमचे पत्ते त्या ऐकणाऱ्याला परत आणण्यासाठी आहेत. हे मी सगळ्यांना सकाळी फोन करून सांगितलं, दादाला सुद्धा पटलं, ज्याचा नव्या पद्धतीत सगळ्यात तोटा आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. काम बंद, पण काकांच्याकडं साबुदाण्याची खिचडी खायला गेलो आणि विषय निघालाच. काकांनी मूळ मालिका दूरदर्शनवर बघितली, १९८० च्या दशकात रविवारी सकाळी लागायची, शेजाऱ्यांच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. शिकले मराठी शाळेत, इंग्रजी तेव्हा फारसं कळायचं नाही. मी विचारलं मग काय बघायचा? म्हणाले, चेहरे. जहाजाचा डॉक्टर मॅकॉय चिडला की स्पॉककडं बघून चिडतो पण काळजी कर्कची असते, हे मला भाषा न कळता कळायचं. म्हणूनच चाचणीत भागाचं एकही नाव न सांगता काका ‘कोणाला’ मध्ये सगळ्यांच्या पुढं असतात.

८ जुलै

‘ऐकणारा’ हा कॉलम यादीत टाकला आणि जुनी यादी परत चाळली. निम्मी तरी गळाली. जी वाक्यं मोकळ्या हवेत बोलल्यासारखी वाटतात, ज्यांना कुणीही ऐकणारा चालतो, ती गेली.

१३ जुलै, रविवार

निपाणीत दादाच्या घरी चाचणी. दादानं त्याचे तिथले दोन-तीन मित्र बोलवलेले, सगळे नेक्स्ट जनरेशनवाले, केबलवर बघून मोठे झालेले.

आज चालले ते पत्ते:

‘एकही चूक न करता हरणं शक्य आहे. तो कमकुवतपणा नाही, ते आयुष्य आहे.’ पिकार्ड (नेक्स्ट जनरेशनमधला कॅप्टन), डेटाला. ‘पीक परफॉर्मन्स’, १९८९. हे वाक्य प्रेरणादायी फोटोंवर लई फिरतं आणि तिथं ते कुठल्याही हरलेल्या माणसासाठी असतं. पण ऐकणारा डेटा आहे, अँड्रॉइड म्हणजे माणसासारखा यंत्रमानव, जो एका खेळात हरलाय आणि आता त्याला वाटतंय आपल्यात यांत्रिक बिघाड झालाय, म्हणून त्यानं स्वतःला ड्युटीवरनं काढून घेतलंय. हरल्याचं दुःख त्याला नाहीये, त्याला हिशोब लागत नाहीये. पिकार्ड त्याला धीर देत नाही, माहिती देतो. निपाणीच्या एका मित्राला हे अख्खं सांगता आलं, तीन गुण, आणि सांगताना तो स्वतः उभा राहिलेला.

‘त्याला माहिती आहे, डॉक्टर. त्याला माहिती आहे.’ स्पॉक, मॅकॉयला. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, एप्रिल १९६७. माझ्या मते अख्ख्या गठ्ठ्यातला सगळ्यात चांगला पत्ता. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा, आणि ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो तिसरा तिथंच पाठ करून उभा. कर्कनं मॅकॉयला धरून ठेवलंय आणि कर्कचं जिच्यावर प्रेम आहे ती ईडिथ कीलर रस्त्यात गाडीखाली गेलीये, ती वाचली असती तर इतिहास बदलला असता. मॅकॉय विचारतो मी तिला वाचवू शकलो असतो, तू काय केलंस कळतंय का तुला? कर्कला बोलता येत नाही, म्हणून स्पॉक बोलतो. जो माणूस भावना दाखवत नाही तोच इथं मित्राच्या वतीनं उत्तर देतो. निपाणीच्या लोकांनी हा भाग बघितलेला नव्हता. खेळ थांबवून तिथंच लावला. बेळगावची शेवटची एसटी पकडायला पळावं लागलं पण भाग पूर्ण बघूनच निघालो.

२० जुलै, रविवार

नव्या मालिकांचा निकाल. स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्सचा तिसरा सीझन १७ जुलैला चालू झालाय आणि भाचीला त्यातलं एक वाक्य आत्ताच टाकायचं होतं. ठरलं ते असं: नव्या मालिकांचा वेगळा छोटा गठ्ठा, वेगळ्या रंगाची पाठ, आणि ज्या सीझनला वर्ष झालेलं नाही त्यातलं काही नाही. बघायच्या आधी वाक्य कानावर पडलं तर बघण्यातली मजा जाते, ती कुणाची पण घालवायची नाही.

कॉम्प्युटरचे संवाद घ्यावेत का यावर पण बोलणं झालं. मूळ मालिकेपासून व्हॉयेजरपर्यंत जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज मॅजेल बॅरेट ह्या अभिनेत्रीचाच, तीच नर्स चॅपल, तीच पुढं डिॲना ट्रॉयची (पिकार्डच्या जहाजावरची समुपदेशक) आई. मोह होतोय, पण कॉम्प्युटर जो विचारेल त्याला सांगतो, ऐकणारा कुणीही चालतो. नियमात बसत नाही. तिची माहिती एका माहितीपत्त्यावर.

२७ जुलै, रविवार

आज फक्त वाचण्याची प्रॅक्टिस. हा भाग आम्हाला वाटला त्यापेक्षा अवघड आहे. भाची वाचते तेव्हा नक्कल करते, पिकार्डचा आवाज काढते, मग कोण म्हणालं ते लगेच कळतं. ताई शाळेत धडा वाचतात तसं वाचते, स्वच्छ, एका सुरात, पूर्णविरामाला थांबून. ताईचं वाचन घ्यायचं ठरलं. इंग्रजी संवाद इंग्रजीतच वाचायचे, दोनदा, आणि मध्ये पाच सेकंद थांबायचं.

‘देअर आर फोर लाइट्स’ वर मोठी चर्चा. ‘चेन ऑफ कमांड’चा दुसरा भाग, डिसेंबर १९९२. शत्रूपक्षाच्या कार्डॅशियन जमातीतला, छळ करणारा मॅड्रेड पिकार्डला चार दिवे दाखवून पाच म्हणायला सांगतोय आणि पिकार्ड शेवटपर्यंत चारच म्हणतो. हे वाक्य सपाट आवाजात वाचलं तरी लोक अर्ध्यातच ओरडतात, त्यामुळं खेळ म्हणून त्यात जीव नाही. चिकोडीचा दोस्त म्हणाला मग शेवटचं घ्या की. शेवटी जहाजावर परत आल्यावर पिकार्ड डिॲना ट्रॉयला सांगतो की त्या क्षणी मला खरंच पाच दिवे दिसतायत असं वाटायला लागलं होतं. तेच दिवे, तोच माणूस, पण आता ऐकणारी वेगळी आहे म्हणून खरं बाहेर पडतं. मॅड्रेडला जे कधीच सांगितलं नसतं ते ट्रॉयला सांगितलं. हाच पत्ता. दोस्ताचं नाव शोधणाऱ्याच्या जागी लिहिलं.

३ ऑगस्ट, रविवार

खानापूरला ताईच्या घरी. डीप स्पेस नाईनचा दिवस.

गॅरकचा पत्ता पहिल्यांदा, तो अंतराळ स्थानकावरचा शिंपी. तिथला डॉक्टर बशीर त्याला मेंढरं राखणाऱ्या पोराची गोष्ट सांगतो, आपली ‘लांडगा आला रे आला’, आणि तात्पर्य विचारतो. गॅरक म्हणतो, एकच खोटं दोनदा बोलू नये. ताईच्या आईनं मालिकेचा एकही भाग बघितलेला नाही पण गोष्ट माहीत असल्यामुळं त्यांना गॅरक एका वाक्यात कळला, म्हणाल्या हा माणूस हेर असणार. आहेच तो, होता तरी. ज्यांनी मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी पहिला पत्ता म्हणून हाच ठेवायचा.

मग सिस्को, त्या स्थानकाचा प्रमुख. ‘इन द पेल मूनलाइट’, १९९८. ‘आय कॅन लिव्ह विथ इट.’ कोण म्हणालं, ते सोपं. कोणाला? इथं भांडण झालं, म्हणजे खरंच आवाज चढले. तो अख्खा भाग सिस्को आपल्या पर्सनल लॉगला (कॉम्प्युटरवर बोलून ठेवायची खासगी डायरी) सांगतोय, कॅमेऱ्यात बघून. रोम्युलन ह्या परग्रहावरच्या लोकांना युद्धात ओढायला त्यानं खोटा पुरावा बनवला, त्यात माणसं मेली, आणि आता तो म्हणतोय मी हे घेऊन जगू शकतो. काकांचं मत, स्वतःला म्हणतोय. दादाचं मत, लॉगला, आणि लॉग म्हणजे वस्तू, त्यामुळं ऐकणारा नाही, त्यामुळं पत्ता बाद. ताई म्हणाली तो आपल्याला म्हणतोय, बघणाऱ्याला, त्याला कुणीतरी ऐकायला हवं होतं म्हणून तर बोलला, आणि लगेच कॉम्प्युटरला सगळा लॉग पुसायला सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला पण पुसतो. वाक्य दोनदा म्हणतो ते का? पहिल्यांदा पटवायला, दुसऱ्यांदा ते पटलं का बघायला, असं तिचं म्हणणं.

मी पत्ता ठेवला. उत्तराच्या जागी ‘पर्सनल लॉगला, जो तो नंतर पुसतो’ असं छापायचं, आणि स्वतःला किंवा बघणाऱ्याला म्हणणाऱ्यांनी कारण नीट सांगितलं तर पूर्ण गुण. वाचणाऱ्याला तेवढा अधिकार द्यायचा. दादाला हे आवडलं नाही, त्याची हरकत इथं नोंदवून ठेवतेय.

फेरेंगी ह्या नफ्यामागं लागलेल्या परग्रहवासी जमातीचे कमाईचे नियम (एकूण २८५ मानतात) वेगळे काढले. पहिला नियम, एकदा का त्यांचे पैसे घेतले की परत करायचे नाहीत. मजेशीर आहेत, पण पाठ केलेली सूत्रं आहेत ती. खेळाच्या मधल्या सुट्टीत चहाबरोबर म्हणायला ठेवू.

१० ऑगस्ट, रविवार

‘मी डॉक्टर आहे, अमुक नाही’ ह्या प्रकाराचा पत्ता. मॅकॉय तर म्हणतोच, पण बशीर पण म्हणतो आणि व्हॉयेजरचा होलोग्राम डॉक्टर पण. त्यामुळं ‘अमुक’ काय आहे त्यावरून ओळखायचं. गवंडी असेल तर मॅकॉय, कर्कला, ‘द डेव्हिल इन द डार्क’, १९६७. हॉर्टा नावाचा प्राणी दगडासारख्या सिलिकॉनचा, जखमी आहे आणि कर्क म्हणतोय बरा कर. चिडून नाही म्हणतो आणि मग सिमेंटसारखं लिंपून बरा करतोच. काकांनी हात वर केला आणि भाग, ऐकणारा, जखम सगळं सांगितलं, दूरदर्शनवर बघितलेलं.

पत्त्याची रचना: पुढं संवाद इंग्रजीत. मागं उत्तर, वरच्या अर्ध्यात मराठी आणि खालच्या अर्ध्यात कन्नड. इथं खेळायला येणाऱ्यांत दोन्ही वाचणारे असतात, काही फक्त एकच वाचतात, आणि उत्तर तपासायला कुणाला शेजाऱ्याला विचारावं लागू नये. कन्नड सगळं चिकोडीच्या दोस्ताकडं. त्यानं आज पहिले वीस आणून दिले, सुंदर अक्षर.

१६ ऑगस्ट, शनिवार

खडेबाजारच्या बाजूला एका प्रेसमध्ये गेलो. ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, कोपरे गोल कापून. चमकतं लॅमिनेशन नको, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही. प्रेसवाल्या मामांनी बारा बाय अठराच्या शीटवर किती बसतील ते कागदावर काढून दाखवलं. आधी एक शीट प्रूफ.

२३ ऑगस्ट, शनिवार

प्रूफ आलं. कन्नड ओळीतल्या काही जोडाक्षरांचा खालचा भाग कापला जात होता, दोस्तानं बघितल्याबरोबर पकडलं. ओळीतलं अंतर वाढवून परत पाठवलं. मामा म्हणाले गणपतीच्या आधी होणार नाही, पावती पुस्तकं आणि बॅनरची रीघ लागलीये. ते खरंच आहे, प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. सगळे आपापल्या घरी नाहीतर मंडळात. काम नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी, मिरवणूक आज उजाडल्यावर पण चालूच होती, बेळगावात हे दरवर्षीचंच. दादा निपाणीचं विसर्जन करून दुपारी आला, डोळे लाल. पत्ते परवा मिळाले. मोजून, गठ्ठे लावून, रबर लावून ठेवले. हातात घेतल्यावर जड लागतात, छान वाटलं.

उद्या ८ सप्टेंबर, सोमवार, कुणाला सुट्टी नाही. खेळ १४ ला.

१४ सप्टेंबर, रविवार

झाला. टिळकवाडीतल्या एका छोट्या हॉलमध्ये, सकाळी दहापासून. खुर्च्या कमी पडल्या, सतरंजी आणली. कोल्हापूरहून पण दोघं आले, गडहिंग्लजचं एक कुटुंब, आणि आमच्या गल्लीतली बरीच पोरं ज्यांनी आजवर काही बघितलेलं नाही. ताईनं वाचलं.

पोरांच्यासाठी गॅरकचा पत्ता पहिला, आणि त्यानंतर ती पळाली नाहीत, ठरल्यासारखंच झालं. बघितलेलं नसताना पण ती अंदाज बांधत होती, हे कुणीतरी मोठ्या माणसाला म्हणतंय, हे रागानं नाही म्हणत, हे म्हणणारा घाबरलाय. ‘वेगळ्या जगात असतो तर तुला मी मित्र म्हणू शकलो असतो’, याला आठवीतला एक मुलगा म्हणाला की हा शत्रूशी बोलतोय आणि हरलेला हाच आहे. नेमकं तेच, रोम्युलन कमांडर, कर्कला, मोडलेल्या जहाजातनं, ‘बॅलन्स ऑफ टेरर’, डिसेंबर १९६६. भाग माहीत नाही, नावं माहीत नाहीत, आणि तीन गुण पूर्ण. दादानंच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या फेरीत सिस्कोचा पत्ता आला आणि हॉल दोन भागांत वाटला गेला, कोल्हापूरचे दोघं एकमेकांच्या विरुद्ध. गडहिंग्लजच्या वहिनी म्हणाल्या तो हे गॅरकला म्हणतोय, गॅरक खोलीत नसला तरी, कारण हे करायला मदत त्यानंच केली आणि हे कसं पचवायचं ते शेवटी गॅरकनंच त्याला सांगितलं. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हतं. ताईनं पूर्ण गुण दिले. दादा म्हणाला, हे मला पण मान्य.

एकूण जिंकले काका.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसऱ्या छपाईसाठी दुरुस्त्या. सिस्कोच्या पत्त्यामागं वहिनींचं उत्तर वाढवायचं, त्यांना विचारलंय, नावाशिवाय छापा म्हणाल्या. ‘त्याला माहिती आहे, डॉक्टर’ दोघांनी भाग न बघता बरोबर ओळखला, तो अवघडमधून मध्यममध्ये. व्हॉयेजरची कॅप्टन जेनवे हिचं ‘त्या नेब्युलात (अंतराळातल्या ढगात) कॉफी आहे’ लोकांना फार आवडलं पण ऐकणारा म्हणून अख्खा ब्रिज (जहाज चालवायच्या खोलीतले सगळे) लिहावा लागतोय, बदलून व्हॉयेजरचा दुसरा हुडकायचा. एंटरप्राइझचे पत्ते कमी आहेत, ९८ भाग असून मोजकेच घेतलेत, ते दादा आणि भाची वाटून ऐकणार. एक गठ्ठा गडहिंग्लजला गेला, एक चिकोडीला, एक ताईच्या शाळेतल्या मुलांच्यासाठी खानापूरला. काकांनी विचारलं मूळ मालिकेचा तिसरा सीझन कुणी नीट ऐकलाच नाही का, त्यातलं एवढं कमी कसं. तो सीझन काका स्वतः ऐकायला बसलेत, कालपासून.